कोळशाचा हिशेब झाला, पाण्याचा राहिला

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नांदगावपेठ येतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एक औष्णिक वीजकेंद्र उभं आहे: प्रत्येकी 270 मेगावॅटचे पाच संच, एकूण 1350 मेगावॅट. कागदोपत्री त्याचं नाव बदलत गेलं. आधी सोफिया पॉवर, मग इंडियाबुल्स पॉवर, आता रतनइंडिया पॉवर. अमरावतीकरांच्या तोंडी मात्र ते ‘सोफिया’च राहिलं, कारण 2010च्या आसपास ‘सोफिया हटाव’ ही घोषणा जिल्ह्याच्या रस्त्यांवर घुमली होती. हा लढा विजेविरुद्ध नव्हता. शेतासाठी बांधलेल्या धरणाचं पाणी शेतकऱ्याला न विचारता एका खाजगी कंपनीला कसं दिलं, असा प्रश्न लोक विचारत होते. इतक्या वर्षांनंतरही त्याचं सरळ उत्तर मिळालेलं नाही.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर वऱ्हाडाच्या पाण्याची कहाणी थोडी मागून सांगावी लागते. 8 ऑगस्ट 1947 रोजी अकोल्यात पश्चिम महाराष्ट्राचे आणि वऱ्हाडचे पुढारी एकत्र बसले आणि अकोला करार झाला. 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. दोन्ही करारांच्या मुळाशी एकच धास्ती होती: मोठ्या मराठी राज्यात गेल्यावर विदर्भाचा वाटा मारला जाईल. ही धास्ती दूर करण्यासाठी राज्यघटनेत कलम 371(2) आलं, विदर्भाच्या विकासाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद झाली. प्रत्यक्षात वऱ्हाडाला जे मिळालं ते बहुतेक वेळा रस्त्यावर उतरल्यावरच मिळालं. कृषी विद्यापीठासाठी 1967 साली अकोल्यात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर 1969 साली अकोल्याला विद्यापीठ आलं. आज ते डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं ओळखलं जातं.

सिंचनाचं दुखणं याहून जुनाट. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथं विहीर खणली तर खारं पाणी लागतं. ते पिकाला चालत नाही आणि माणसाच्या मूत्रपिंडालाही सोसत नाही. अशा मुलखाला धरणाच्या पाण्यावाचून दुसरा आधार नाही. वि. म. दांडेकर समितीनं 1984 साली जिल्ह्याजिल्ह्यांतली विकासाची तूट मोजली आणि सरकारी भाषेत ‘अनुशेष’ हा शब्द कायमचा रुजला. 1 मे 1994 पासून वैधानिक विकास मंडळं आली. निर्देशांक व अनुशेष समितीनं नव्यानं मोजणी केली. डिसेंबर 2001 मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधिवाटपाचे निर्देश दिले. या साऱ्या काळात विधान परिषदेत आकडे मांडून सरकारला कोंडीत पकडणारा आवाज होता तो अमरावतीच्या प्रा. बी. टी. देशमुखांचा. इतकं होऊनही, इतर जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष मिटत गेला तरी अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांच्या नावावर तो उरलाच.

या कोरड्या चित्रात अप्पर वर्धा हे मोठं आशास्थान होतं. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवली गेली आणि 1993च्या सुमारास धरण उभं राहिलं. जिवंत साठा 564 दशलक्ष घनमीटर. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतली सुमारे 75 हजार हेक्टर जमीन ओलिताखाली येणार, असं नियोजन होतं. उजव्या बाजूला मोर्शी, तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगाव. डाव्या बाजूला आष्टी, आर्वी. अमरावती शहराच्या नळालाही याच धरणाचं पाणी. कपाशी आणि तुरीच्या भरवशावर जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला कालव्याचं पाणी मिळालं की रब्बीला गहू-हरभरा घेता येतो. संत्र्याची बाग असली तर ती उन्हाळ्यात वाचते. एका पावसाचा जुगार खेळणाऱ्या कुटुंबाला दुसरं पीक मिळणं म्हणजे सावकाराच्या दारात एक फेरी कमी होणं.

म्हणून पुढच्या घटनांचा काळ ध्यानात ठेवावा. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा हे ते सहा जिल्हे. शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला होता. सिंचन वाढवणं हा त्या पॅकेजचा मोठा भाग होता, कारण पाणी नाही म्हणून शेती बुडते हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. दिल्ली असं सांगत असताना मुंबईत पाण्याची दिशा उलटी फिरत होती.

राज्यात तेव्हा विजेचा दुष्काळ होता. खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन चाले. 2003च्या वीज कायद्यानं औष्णिक वीजनिर्मितीसाठी परवान्याची अट काढून टाकली होती. एन्रॉन कंपनीचा अनुभव ताजा होता. तिच्या दाभोळ वीजकेंद्राच्या 1993 सालच्या करारानं राज्य वीज मंडळाचं कंबरडं कसं मोडलं आणि 2001 साली ते केंद्र कसं बंद पडलं, हे महाराष्ट्रानं पाहिलं होतं. तरीही खाजगी वीजकेंद्रांचे प्रस्ताव एकामागून एक आले. विदर्भाजवळ कोळसा आहे, नद्या आहेत, जमीन स्वस्त आहे. विदर्भात 71 औष्णिक प्रकल्प प्रस्तावित असून त्यांची क्षमता 55 हजार मेगावॅटच्या आसपास जाते, असं ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेनं 2012 साली मांडलं. विदर्भाची स्वतःची गरज याच्या जवळपासही नव्हती. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातलं पारसचं सरकारी वीजकेंद्र साठच्या दशकापासून चालू होतं. तिथं पुढं 250 मेगावॅटचे दोन संच आले. पण हे नवे प्रस्ताव निराळ्या जातीचे होते: आकारानं प्रचंड, मालकीनं खाजगी, आणि सगळ्यांची नजर धरणांवर.

कोळशाच्या वीजकेंद्राला दोन गोष्टी अखंड लागतात, कोळसा आणि पाणी. दोन्ही सार्वजनिक मालकीच्या. दोन्हींचं वाटप त्या काळात बंद दाराआड, समित्यांमधून झालं. दिल्लीत कोळसा मंत्रालयाची छाननी समिती खाणपट्टे वाटत होती. मुंबईत पाणी वाटत होती उच्चाधिकार समिती. जलसंपदा मंत्री तिचे अध्यक्ष. त्या वर्षांत हे खातं अजित पवार यांच्याकडे होतं. 2005 साली राज्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला होता. कोणत्या क्षेत्राला किती पाणी, हे स्वतंत्र प्राधिकरणानं लोकांचं म्हणणं ऐकून ठरवावं, हा त्याचा गाभा. प्राधिकरण अस्तित्वात आलं तरी पाण्याचे निर्णय उच्चाधिकार समितीच घेत राहिली. शिवाय राज्याच्या 2003च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रम उद्योगाला होता, शेतीला तिसरा. शेतकऱ्यांच्या राज्यात हा क्रम कुणी लावला आणि कशासाठी, यावर गावोगाव कधी चर्चा झाली नाही.

याच समितीनं 2008 साली सोफियाला अप्पर वर्ध्याचं वर्षाला 87.6 दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर केलं. रोजचा हिशेब काढला तर 24 कोटी लिटर. त्यामुळं 23,219 हेक्टरांचं सिंचन कमी होणार, हे कागदावर नोंदलेलं होतं. नियोजित 75 हजारांतले 23 हजार, म्हणजे दर तीन हेक्टरांमागे जवळपास एक. भरपाई म्हणून कंपनीनं सिंचन पुनर्स्थापनेचा खर्च द्यायचा. हेक्टरी एक लाखाच्या दरानं ती रक्कम सुमारे 232 कोटी होते. नवं धरण बांधून तेवढं सिंचन उभं करायला किती पैसा आणि किती वर्षं लागतात, हे ज्या वऱ्हाडानं दशकानुदशकं अर्धवट प्रकल्प पाहिले त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि ज्याच्या वावराचं पाणी गेलं त्याच्या हाती या 232 कोटींतला एक रुपयाही पडणार नव्हता.

बातमी पसरली आणि जिल्हा पेटला. मोर्चे निघाले, धरणे आंदोलनं झाली, रस्ते अडवले गेले. एरवी एका मांडवात न बसणारी माणसं इथं एकत्र आली: लाभक्षेत्रातले शेतकरी, शहरातले प्राध्यापक आणि वकील, पर्यावरणाचे कार्यकर्ते, वेगवेगळ्या पक्षांतले स्थानिक पुढारी. शहराच्या इतक्या जवळ कोळशाची राख आणि धूर नको, ही शहरवासीयांची तक्रार होती. आमच्या हक्काच्या पाण्याला हात लावू नका, ही खेड्यांची. अनुशेष निर्मूलनासाठी झटणाऱ्या अमरावतीच्या संस्थेनं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. ज्या जिल्ह्याचा सिंचन अनुशेष राज्यपालांनी मान्य केला आहे, त्याच जिल्ह्याचं सिंचन कमी करणारा निर्णय सरकार घेऊच कसं शकतं, हा त्यांचा मुद्दा होता. घटनेचं कलम आणि मंत्र्यांची समिती यांपैकी मोठं कोण, असा तो सवाल होता.

योगायोग असा की त्याच 2010 साली, अमरावतीपासून दूर मध्य आशियात, पाणी आणि विजेच्या अशाच व्यवहारांवरून एक सरकार कोसळलं. किरगिझस्तान हा पूर्वीच्या सोव्हिएत संघातला डोंगराळ देश. त्याची बहुतेक वीज नारीन नदीवरच्या तोक्तोगुल धरणातून येते. 2008 साली त्या धरणाची पातळी इतकी खाली गेली की देश अंधारात बुडाला. हिवाळ्यात जास्तीची वीज निर्यात करून पाणी उपसलं गेलं आणि त्या पैशाचा हिशेब मिळाला नाही, असा लोकांचा आरोप होता. 2010च्या सुरुवातीला विजेचे दर दुपटीनं वाढले. बिश्केक परिसराला वीज पुरवणारी ‘सेवेरएलेक्त्रो’ ही सरकारी कंपनी अगदी मामुली किमतीत खाजगी हाती गेली आणि बोटं राष्ट्राध्यक्ष कुर्मानबेक बकियेव यांच्या मुलाकडे वळली. एप्रिलमध्ये तलास शहरात उठाव झाला. दुसऱ्याच दिवशी राजधानी बिश्केकमध्ये गोळीबारात ऐंशीहून अधिक माणसं मेली. बकियेव देश सोडून बेलारुसला गेले आणि विकलेली कंपनी नव्या सरकारनं परत घेतली.

वऱ्हाडात या लढ्यात असं रक्त सांडलं नाही, ही आपल्या लोकशाहीची पुण्याई. इथं माणसं न्यायालयात गेली, विधिमंडळात बोलली, रस्त्यावर बसली. पण लोकशाहीतही सरकार कायद्याचा वापर ढालीसारखा करू शकतं. सप्टेंबर 2010 मध्ये अध्यादेश निघाला. एप्रिल 2011 मध्ये विधिमंडळानं नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती केली. क्षेत्रवार पाणीवाटपाचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे आला आणि उच्चाधिकार समितीनं आधी केलेल्या वाटपांना संरक्षण मिळालं. विरोधाची धग मात्र जाणवली होती. त्याच वर्षी जलनीतीतला क्रम बदलून शेतीला दुसरं आणि उद्योगाला तिसरं स्थान देण्यात आलं. आंदोलनाचा हा मोठा विजय. पण तो पुढच्या वाटपासाठी. गेलेलं पाणी परत आलं नाही.

2012 साली महाराष्ट्राच्या सिंचनाचं दुसरं अंग उघडं पडलं. दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी खर्चूनही सिंचित क्षेत्र जेमतेम 0.1 टक्का वाढलं, असं राज्याच्या आर्थिक पाहणीवरून दिसलं. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत 2009 साली काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली होती. जलसंपदा खात्यातलेच मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्रं लिहून वाचा फोडली. 25 सप्टेंबर 2012 रोजी अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरात ते पदावर परतले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक बसलं, पुढं लाचलुचपत प्रतिबंधक खात्याची चौकशी लागली. 23 नोव्हेंबर 2019 रोजी सकाळी देवेंद्र फडणवीस यांच्यासोबत अजित पवार यांचा शपथविधी झाला आणि दोनच दिवसांनी विदर्भातल्या नऊ प्रकरणांची चौकशी बंद झाल्याची बातमी आली. ती प्रकरणं पवारांशी संबंधित नाहीत, असं खात्यानं सांगितलं. नंतर नागपूर खंडपीठात दिलेल्या शपथपत्रातही त्यांच्यावर जबाबदारी येत नसल्याचं म्हटलं. कायद्याच्या दृष्टीनं ते तिथं संपलं असेल. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं हिशेब असा उरतो: जी धरणं व्हायची होती ती रखडली, आणि जे झालं त्याचं पाणी कारखान्याला गेलं.

आता वीजकेंद्राचं काय झालं ते पाहू. महावितरणनं 2010 साली या केंद्राकडून 1200 मेगावॅट वीज घेण्याचे दीर्घ मुदतीचे करार केले. 2013 ते 2015 या काळात पाचही संच सुरू झाले. दुसरा 1350 मेगावॅटचा टप्पा कधी उभाच राहिला नाही. पण पहिले संच सुरू होईपर्यंत राज्यातला विजेचा दुष्काळ सरला होता. स्वस्त वीज आधी घ्यायची आणि महाग वीज मागे ठेवायची, या नियमामुळं नांदगावपेठचे संच महिनोन्महिने बंद राहिले. अशा करारांत वीज न घेताही केंद्र तयार ठेवल्याबद्दल स्थिर आकार द्यावा लागतो आणि तो शेवटी ग्राहकाच्या बिलातून वसूल होतो. याच समूहाचं नाशिक जिल्ह्यातलं सिन्नरचं 1350 मेगावॅटचं केंद्र तर बांधून तयार होऊनही वर्षानुवर्षं पडून राहिलं. कर्ज फुगलं. 2019 संपून 2020 उजाडताना अमरावती प्रकल्पाच्या सुमारे 6,575 कोटींच्या कर्जाचा 4,050 कोटींत एकरकमी निपटारा झाला. त्यासाठी परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा पुरवला. कर्ज देणाऱ्यांत सरकारी बँका आणि वित्तसंस्था होत्या. शेतकऱ्याच्या कर्जमाफीवर वर्षानुवर्षं चर्चा झडतात. या माफीची चर्चा अर्थविषयक पानांपलीकडे गेली नाही.

आणि इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. कोळशाच्या वाटपाचा देशानं हिशेब घेतला. 25 ऑगस्ट 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं छाननी समितीचं वाटप मनमानी आणि बेकायदा ठरवलं आणि 24 सप्टेंबरला 218 पैकी 214 खाणपट्टे रद्द केले. वऱ्हाडचाच भाग असलेल्या यवतमाळचं नाव लावणाऱ्या जेएलडी यवतमाळ एनर्जी या कंपनीला छत्तीसगडमधला खाणपट्टा मिळाला होता. त्या प्रकरणात जुलै 2023 मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयानं माजी खासदार विजय दर्डा, त्यांचे पुत्र, कंपनीचे संचालक आणि माजी कोळसा सचिव यांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. आरोपींनी त्यावर वरच्या न्यायालयात अपील केलं. तिकडे काय व्हायचं ते होईल. पण सार्वजनिक संपत्ती बंद खोलीत वाटता येत नाही, हे तत्त्व कोळशाच्या बाबतीत प्रस्थापित झालं.

पाण्याच्या बाबतीत ते झालं नाही. तीच पद्धत, तोच काळ, तीच वीजकेंद्रं. जाहिरात नाही, स्पर्धा नाही, ज्यांचं जाणार त्यांची सुनावणी नाही. तरीही उच्चाधिकार समितीचं वाटप रद्द झालं नाही, उलट विधिमंडळानं त्याला कवच दिलं. कोळसा खाणीत राहिला तर तो पुढच्या पिढीला तरी मिळतो. ज्या रब्बीत कालव्याला पाणी आलं नाही ती रब्बी कायमची गेली.

ही गोष्ट जुनी झाली, असं कुणी म्हणू नये. अप्पर वर्ध्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांनी 2023 साली मोर्शीत शंभराहून अधिक दिवस आंदोलन केलं. कुणी दखल घेईना, तेव्हा 29 ऑगस्टला त्यांनी मुंबईत मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उड्या घेतल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले, कारण वान धरणातून 69 गावांना पिण्याचं पाणी देणारी योजना थांबवली गेली होती. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांना मात्र वानचं पाणी सिंचनासाठी राखून हवं होतं. दोघांचंही म्हणणं खरं होतं. पाणी कमी आणि वाटप अपारदर्शक असलं की शेजारची गावं एकमेकांसमोर उभी राहतात, आणि ज्यांनी वाटायचं ते बाजूला राहतात.

वीज हवी, उद्योग हवा, वऱ्हाडातल्या मुलांना अमरावती-अकोल्यातच काम मिळायला हवं. त्याबद्दल दुमत नाही. पण धरण शेतासाठी म्हणून ज्यांनी गावं सोडली आणि ज्यांनी कालव्याची वाट पाहिली, त्यांना विचारल्याशिवाय पाण्याचा हेतू बदलणं हा विश्वासघात आहे. सरकारनं 2003 ते 2011 या काळात उच्चाधिकार समितीनं वळवलेल्या प्रत्येक धरणाच्या पाण्याचा हिशेब जाहीर करावा: किती मंजूर झालं, किती प्रत्यक्ष उचललं, पुनर्स्थापनेचे किती पैसे आले आणि त्यातून किती हेक्टर ओलिताखाली आले. दुसरा टप्पा झालाच नाही, तर त्यासाठी राखलेलं पाणी लाभक्षेत्राच्या नावावर परत लिहून द्यावं. आणि वाचकांनो, दरवर्षी रब्बीच्या आधी तुमच्या जिल्ह्यात कालवा सल्लागार समितीची बैठक होते. त्या बैठकीचं इतिवृत्त मागा, ते ग्रामसभेत वाचायला लावा. पाण्याचा हिशेब मागणारी माणसं वाढली, तरच तो कधीतरी दिला जाईल.